स्विचचा इव्हेंट लॉग: आधी घड्याळ, मग सॉर्ट

पुण्यात नेटवर्क सपोर्टची पहिली नोकरी लागली की थोड्याच दिवसांत कुणीतरी तुम्हाला नेटवर्क स्विच (ऑफिसातली यंत्रं केबलने एकमेकांना जोडणारी पेटी) सांभाळणाऱ्या मॅनेजमेंट सॉफ्टवेअरचं लॉगिन देतं आणि जाता जाता म्हणतं, "इव्हेंट लॉग बघत जा जरा." कंपनी हिंजवडीतली मोठी असो नाहीतर भोसरी एमआयडीसीतला छोटा कारखाना, पडद्यावरचं चित्र सारखंच असतं. हजारो ओळी, त्यातल्या निम्म्या लाल-पिवळ्या, आणि वरची ओळ वाचून होईतो तिच्या डोक्यावर आणखी चार येऊन बसलेल्या. बघायचं म्हणजे नेमकं काय करायचं, हे मात्र कुणी सांगत नाही.

ओमाडा, युनिफाय, अरुबा सेंट्रल, डी-व्ह्यू, लिब्रेएनएमएस, झॅबिक्स, किंवा नुसतं स्विचचं स्वतःचं वेबपान, यांपैकी तुमच्याकडे काय आहे मला माहीत नाही. त्यामुळे कुठलं बटण डावीकडे आणि कुठलं उजवीकडे हे इथे मिळणार नाही. ते दहा मिनिटांत सापडतं. सापडत नाही ती पद्धत. आणि नवीन माणूस हमखास फसतो ती जागा एकच आहे: लाल ओळ दिसली की तीच गुन्हेगार, असं तो धरून चालतो.

नोंद कुणी लिहिली ते आधी ओळखा

एकाच पडद्यावर दिसणाऱ्या नोंदी तीन वेगळ्या वाटांनी आलेल्या असतात.

पहिली वाट सिसलॉगची. स्विचमध्ये काही घडलं की स्विच स्वतः एक ओळ लिहितो आणि ती सर्व्हरकडे पाठवतो, बहुधा यूडीपी या पद्धतीने, पोर्ट ५१४ वरून (हा पोर्ट म्हणजे नुसता क्रमांक, स्विचवरची केबलची जागा नव्हे). दुसरी वाट एसएनएमपी ट्रॅपची, यूडीपी पोर्ट १६२ वरून. लिंक पडली, लिंक आली, स्विच नव्याने चालू झाला, असे ठरावीक निरोप तिथून येतात. तिसरी वाट सॉफ्टवेअरची स्वतःची. ते ठरावीक वेळाने प्रत्येक स्विचची विचारपूस करतं आणि मागच्या वेळेपेक्षा काही वेगळं दिसलं तर स्वतःच नोंद करतं.

हा फरक पुस्तकी नाही. लिब्रेएनएमएसमध्ये ही विचारपूस मूळ सेटिंगनुसार दर ५ मिनिटांनी होते. म्हणजे पोर्ट ११:२१ ला पडला तरी सॉफ्टवेअरच्या स्वतःच्या नोंदीत तो ११:२५ ला पडलेला दिसू शकतो. आणि ११:२१ ला पडून ११:२३ ला उठला असेल तर कदाचित दिसणारच नाही. याच सॉफ्टवेअरमध्ये 'इव्हेंटलॉग' आणि 'सिसलॉग' अशी दोन वेगळी पानं आहेत, आणि नवी मुलं पहिलंच पान बघून "लॉगमध्ये काहीच नाही" असं सांगून मोकळी होतात. तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये 'सोर्स' किंवा 'टाइप' नावाचा कॉलम असेल तर तो आधी चालू करून ठेवा.

यूडीपीबद्दलही एक गोष्ट ध्यानात असू द्या. त्यात पोचपावती नसते. अपलिंक, म्हणजे वरच्या स्विचकडे जाणारी जोडणी, तुटली तर स्विचच्या ओळी सर्व्हरपर्यंत येणारच नाहीत, आणि नेमक्या त्याच ओळी तुम्हाला हव्या असतात. सर्व्हरवरच्या लॉगमध्ये एखाद्या स्विचची सलग दहा मिनिटं गायब असतील तर ती शांतता समजू नका. त्या काळात तो स्विच सर्व्हरपासून तुटला होता का, हे तपासा. त्या वेळच्या नोंदी स्विचच्या स्वतःच्या मेमरीत मिळण्याची शक्यता असते.

घड्याळ

सॉर्ट करायला बसण्याआधी हे काम करायचं. न करता केलेला सॉर्ट सुबक दिसतो आणि चुकीचा असतो.

बऱ्याच ऑफिस-स्विचमध्ये वीज गेल्यावर वेळ टिकवणारी बॅटरी नसते. लाइट जाऊन आली की स्विच आपल्या जन्मतारखेपासून मोजायला लागतो. सिस्कोच्या अनेक कॅटलिस्ट स्विचांवर ही तारीख १ मार्च १९९३ असते. आता गंमत बघा: स्विच सकाळी रीस्टार्ट झाला, चालू होतानाच्या पहिल्या ओळींवर १९९३ ची वेळ पडली, आणि तुम्ही 'नवीन वरती' असा सॉर्ट लावला. त्या ओळी थेट तळाला गेल्या. रीस्टार्ट का झाला हे सांगणारा पुरावा शेवटच्या पानावर, आणि तुम्ही पहिल्या पानावर डोकं खाजवताय. म्हणून सॉफ्टवेअर दोन वेळा दाखवत असेल, एक स्विचने लिहिलेली आणि एक सर्व्हरला मिळालेली, तर दोन्ही कॉलम उघडे ठेवा आणि पहिला सॉर्ट मिळालेल्या वेळेवर लावा. दोहोंतला फरक एखाद्या सेकंदापेक्षा जास्त दिसला तर त्या स्विचच्या घड्याळाकडे आधी बघा.

सिस्कोच्या ओळीत वेळेच्या आधी एक छोटं चिन्ह असतं, त्याकडे फार कुणी पाहत नाही. चांदणी असेल तर घड्याळ लावलेलंच नाही. टिंब असेल तर घड्याळ लावलेलं आहे, पण टाइम सर्व्हरशी असलेला मेळ सध्या सुटलाय. काहीच चिन्ह नसेल तर ठीक.

दुसरा घोळ साडेपाच तासांचा. भारतीय वेळ यूटीसीच्या, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेच्या, साडेपाच तास पुढे. स्विच यूटीसीत लिहीत असेल आणि सॉफ्टवेअर भारतीय वेळेत दाखवत असेल, तर भोसरीत सकाळी ११:१८ ला झालेली गोष्ट स्विचवर ०५:४८ ला दिसते. फरक बरोबर साडेपाच तासांचा आला की टाइमझोन, आणि वेडावाकडा आला की घड्याळ. सिस्कोवर 'क्लॉक टाइमझोन आयएसटी ५ ३०' एवढी एक ओळ लागते. इतरांच्या वेबपानावर 'सिस्टिम टाइम' किंवा 'एसएनटीपी' नावाखाली सेटिंग सापडेल. एनटीपी सर्व्हर, म्हणजे घड्याळ जुळवून देणारा टाइम सर्व्हर, म्हणून एनआयसीचा (सरकारी राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राचा) किंवा दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेचा, म्हणजे एनपीएलचा, सर्व्हर द्या. मोठ्या कंपनीत आतला सर्व्हर असतो, तो द्या. एनटीपी यूडीपी पोर्ट १२३ वरून चालतो. फायरवॉलमध्ये तो अडकलेला असणं ही इतकी नेहमीची गोष्ट आहे की पहिल्यांदा तिथेच बघावं.

आधी चाळा, मग लावा

पडदा उघडल्यावर आधी ऑटो रिफ्रेश बंद करा. वाचताना ओळी हलत असतील तर डोळा चुकतो.

मग वेळेची खिडकी लावा. तक्रार ११:४० ला आली असेल तर ११:०० ते ११:४५. बहुतेक जण 'आजचा दिवस' निवडतात आणि मग चार हजार ओळींत पोहत बसतात. तक्रार आलेली वेळ ही बिघाडाची वेळ नसते, हेही धरून चाला. माणूस आधी पंधरा मिनिटं स्वतः खटपट करतो, शेजारच्याला विचारतो, प्रिंटर बंद-चालू करतो, मग फोन करतो. खिडकी नेहमी मागच्या बाजूला जास्त उघडा.

त्यानंतर स्विच निवडा. तक्रार ज्या टेबलावरून आली तिथली केबल कुठल्या स्विचला जाते हे माहीत नसेल, तर रॅकवरची लेबलं वाचायची वेळ आलीये. आणि फक्त तोच स्विच नको, त्याच्या वरचाही घ्या, म्हणजे त्याची अपलिंक ज्याला जाते तो. पुष्कळदा खालच्या स्विचवर दुखणं दिसतं आणि कारण वरच्याच्या लॉगमध्ये असतं.

इतकं झाल्यावर ओळी शे-दोनशेवर आलेल्या असतात. आता वेळेच्या कॉलमच्या डोक्यावर क्लिक करा. एका क्लिकने जुनी नोंद वर, पुन्हा क्लिक केलं की नवी वर. बाण बघून खात्री करून घ्या. रोजच्या नजरेसाठी नवी वर असलेली बरी. पण बिघाड शोधताना जुनी वर ठेवा आणि गोष्ट जशी घडली तशी वाचा. उलटी वाचली की परिणाम आधी आणि कारण नंतर दिसतं, आणि पहिला परिणामच कारण वाटू लागतो.

तीव्रतेचा, म्हणजे सिव्हिअरिटीचा, फिल्टर मी मुद्दामच शेवटी ठेवलाय.

आकडा लहान, आवाज मोठा

सिसलॉगमध्ये ० ते ७ अशा आठ पातळ्या आहेत: ० इमर्जन्सी, १ अलर्ट, २ क्रिटिकल, ३ एरर, ४ वॉर्निंग, ५ नोटीस, ६ इन्फर्मेशनल, ७ डीबग. आकडा जितका लहान तितकी गोष्ट गंभीर. सिस्कोच्या ओळीत हा आकडा नावाच्या मधोमध असतो: 'लिंक-३-अपडाउन', 'सिस-५-कॉन्फिग'. पहिला शब्द विभाग, मधला आकडा पातळी, शेवटचा शब्द घटना. एचपीच्या जुन्या प्रोकर्व्ह स्विचांवर आकड्याऐवजी ओळीच्या सुरुवातीला इंग्रजी आद्याक्षर येतं: आय म्हणजे माहिती, डब्ल्यू इशारा, एम मोठी गोष्ट, ई एरर, डी डीबग.

कच्च्या सिसलॉगमध्ये ओळीच्या सुरुवातीला कोनी कंसात १८९ असा आकडा दिसला तर घाबरू नका. त्याला ८ ने भागा. भागाकार २३ आणि बाकी ५. भागाकार म्हणजे फॅसिलिटी (ओळ कुठल्या गटातली ते सांगणारा क्रमांक), २३ म्हणजे 'लोकल ७', जी सिस्कोची मूळ सेटिंग. बाकी म्हणजे पातळी. १८७ आला तर बाकी ३, म्हणजे एरर.

आता मुख्य गोष्ट. ही पातळी ठरवतो स्विच बनवणारा, त्याच्या यंत्राच्या नजरेने. तुमच्या कारखान्यात काय महत्त्वाचं आहे हे त्याला ठाऊक नसतं. कुणी लॅपटॉपची केबल काढली तर सिस्कोवर ती तिसऱ्या पातळीची, म्हणजे एररची, नोंद. तीच केबल परत लावली आणि लिंक आली, तर तीही तिसऱ्याच पातळीची. म्हणजे पोर्ट नीट चालू झाला ही बातमीसुद्धा लाल रंगात! आणि कुणी स्विचचं कॉन्फिगरेशन बदलून अख्खा विभाग बंद पाडला तर त्याची नोंद पाचव्या पातळीवर, 'नोटीस' म्हणून, सौम्य निळ्या नाहीतर करड्या रंगात पडून राहते.

एक प्रसंग धरू

समजा भोसरीतल्या एका कारखान्याच्या स्टोअरमधून सोमवारी ११:४० ला फोन आला: बारकोड प्रिंटर चालत नाहीत, गाडी उभी आहे. स्विचचं नाव 'स्टोअर-२', प्रिंटर पोर्ट ७ आणि ८ वर. खिडकी ११:०० पासून उघडली आणि सिव्हिअरिटीवर सॉर्ट लावला. वरती काय येतं? पोर्ट ७ डाउन, पोर्ट ७ अप, पोर्ट ८ डाउन, पोर्ट ८ अप, पुन्हा ७ डाउन... पंधरा-वीस लाल ओळी. नवीन माणूस म्हणतो पोर्ट फ्लॅप होतोय, म्हणजे सारखा पडतोय-उठतोय, केबल खराब आहे. पॅच कॉर्ड बदलतो, नवीन क्रिंपिंग करतो. काही फरक नाही.

आता तोच लॉग वेळेवर लावा, जुनं वर. ११:१८:०४ ला पाचव्या पातळीची एक ओळ: कॉन्फिगरेशन बदललं, 'अॅडमिन' या नावाने, १९२.१६८.१०.४५ या पत्त्यावरून. त्यानंतर अकरा मिनिटं शांतता. ११:२९ ला पोर्ट ७ पहिल्यांदा पडतो.

हे वाचायला शिकलात की अर्धं काम झालं. प्रिंटरचे पोर्ट आपणहून पडत नव्हते. ११:१८ ला कुणीतरी स्विचवर काही पोर्टांचा व्हीलॅन, म्हणजे एकाच स्विचवर आखलेला नेटवर्कचा वेगळा कप्पा, बदलला. नव्या जोडणीसाठी ५ आणि ६ बदलायचे होते, मर्यादा देताना ५ ते १२ दिली. व्हीलॅन बदलला म्हणून लिंक पडत नाही, पोर्टचा दिवा हिरवाच राहतो, त्यामुळे लाल ओळ उमटली नाही. प्रिंटर चुकीच्या व्हीलॅनमध्ये गेले, छपाई थांबली. ११:२९ पासूनच्या सगळ्या लाल ओळी म्हणजे स्टोअरवाल्यांनी प्रिंटर बंद-चालू करून बघितलेलं. लॉगमधला सगळ्यात मोठा आवाज माणसांच्या धडपडीचा होता, बिघाडाचा नव्हे.

लक्षात घ्या, नेमकं काय बदललं हे ती ओळ सांगत नाही. कधी, कुणाच्या नावाने आणि कुठल्या पत्त्यावरून एवढंच सांगते. पुढे मॅनेजमेंट सॉफ्टवेअरमध्ये कॉन्फिगरेशनची तुलना करायची सोय असेल तर कालची आणि आजची प्रत समोरासमोर ठेवा, फरक दिसेल. आणि सगळे जण एकच 'अॅडमिन' खातं वापरत असतील तर 'कुणाच्या नावाने' याला काही अर्थ उरत नाही. प्रत्येकाला वेगळं लॉगिन द्या, हे वरिष्ठांना सांगायला संकोच करू नका.

सॉर्ट फसवतो तेव्हा

कॉलमच्या डोक्यावर क्लिक केलं की सगळं बरोबर लागलं, असं समजू नका. संगणक बऱ्याच वेळा आकड्यालाही शब्द समजून लावतो.

पातळी शब्दात लिहिलेली असेल तर इंग्रजी वर्णक्रमाने अलर्ट, क्रिटिकल, डीबग, इमर्जन्सी, एरर असा क्रम लागतो. डीबग हे इमर्जन्सीच्या वर! पत्त्यांचंही तेच: १९२.१६८.१.१० हा १९२.१६८.१.२ च्या आधी येतो. पोर्ट १/०/१० हा १/०/२ च्या आधी. म्हणून पातळीसाठी आकड्याचा कॉलम वापरा; आणि पोर्टच्या बाबतीत सॉर्टपेक्षा फिल्टरवर विश्वास ठेवा.

सिसलॉगच्या जुन्या पद्धतीत, जी २००१ साली आरएफसी ३१६४ मध्ये नोंदवली गेली आणि अजूनही बरीच यंत्रं पाळतात, तारखेत वर्षच नसतं, टाइमझोनही नसतो. नुसतं महिना, दिवस, वेळ. तो महिनाही शब्दात, त्यामुळे शब्द म्हणून लावला तर एप्रिलनंतर ऑगस्ट, मग डिसेंबर. डिसेंबरअखेरचा बिघाड जानेवारीत तपासताना हा त्रास नक्की होतो. २००९ च्या आरएफसी ५४२४ मध्ये वर्ष आणि टाइमझोनसह पूर्ण तारीख आली. स्विचवर निवडायची सोय असेल तर ती नवी पद्धत निवडा.

काही वेबपानांवर सॉर्ट फक्त समोर दिसणाऱ्या पानापुरता लागतो, मागच्या चाळीस पानांना हातच लागत नाही. ओळखायची युक्ती सोपी: जुनी वर असा सॉर्ट लावा आणि दुसऱ्या पानावर जा. तिथे पहिल्या पानापेक्षा जुनी नोंद दिसली की समजायचं.

काही सॉफ्टवेअर सारख्या ओळी एकत्र करतात आणि शेजारी 'किती वेळा' असा आकडा देतात. सोयीचं आहे, पण वेळ दाखवतात ती शेवटच्या नोंदीची. 'पहिल्यांदा कधी' हा कॉलम लपलेला असेल तर बाहेर काढा. तुम्हाला हवी ती तीच वेळ.

एक्सेलमध्ये उतरवताना

ओळी जास्त असतील तर सीएसव्हीमध्ये (स्वल्पविरामांनी कॉलम वेगळे केलेल्या साध्या फाइलमध्ये) उतरवून एक्सेलमध्ये लावलेलं बरं. मात्र फाइलवर डबल क्लिक करून उघडू नका. पोर्टचं नाव १/१२ असं असेल तर एक्सेल त्याची गुपचूप तारीख करून टाकतं, आणि मग तो पोर्ट कुठला हे शोधून काढता येत नाही. 'डेटा' टॅबमधून टेक्स्ट-सीएसव्ही आयात करा आणि पोर्टचा कॉलम 'टेक्स्ट' म्हणून नेमून द्या. तारखेचा कॉलम दिवस-महिना क्रमाचा आहे की महिना-दिवस, हेही तिथेच ठरवा; ०३/०७ हा ३ जुलै की ७ मार्च, यावर वाद घालण्यात अर्थ नाही.

मग कस्टम सॉर्टमध्ये दोन थर लावा: आधी स्विचचं नाव, मग वेळ. अनेक स्विचांवर एकाच मिनिटात काय झालं हे बघायचं असेल तर उलट, आधी वेळ. मूळ फाइल न हलवता बाजूला ठेवा, काम प्रतीवर करा. आणि सगळ्यात पहिला कॉलम म्हणून १, २, ३ असे क्रमांक घालून घ्या. चार वेळा उलटसुलट सॉर्ट केल्यावर मूळ क्रमावर परत यायची ती एकच वाट असते.

नेहमी भेटणाऱ्या नोंदी

'मॅक फ्लॅप': एकच मॅक पत्ता, म्हणजे यंत्राच्या नेटवर्क कार्डाचा पत्ता, दोन पोर्टांवर आलटून पालटून दिसतोय. चौथ्या पातळीची, म्हणजे नुसती वॉर्निंग, पण ओळी धो-धो यायला लागल्या तर बहुतेक वेळा लूप लागलेला असतो, म्हणजे केबल फिरून त्याच नेटवर्कमध्ये परत आलेली असते. तपकीर गल्लीतून आणलेला आठ पोर्टचा साधा स्विच कुणाच्यातरी टेबलाखाली असतो आणि मोकळी लोंबणारी केबल कुणीतरी भल्या मनाने त्याच स्विचमध्ये खोचलेली असते. नोंदीत दोन पोर्टांची नावं असतात. त्यांतला जो अपलिंक नाही त्याच्या मागे केबल धरून जा. मात्र एखाद-दुसरीच ओळ असेल आणि तो पत्ता कुणाच्या मोबाइलचा असेल, तर माणूस एका वाय-फायच्या हद्दीतून दुसऱ्याच्या हद्दीत गेला, इतकंच.

'एरर-डिसेबल': स्विचने स्वतःहून पोर्ट बंद केला. कारण त्याच ओळीत लिहिलेलं असतं: बीपीडीयू गार्ड (पोर्टवर दुसरा स्विच जोडलेला दिसला), पोर्ट सिक्युरिटी (परवानगी नसलेलं यंत्र दिसलं), असं काहीतरी. हे न वाचता पोर्ट पुन्हा चालू करणारे खूप. सिस्कोवर आपोआप पूर्ववत व्हायची सोय लावलेली असेल तर मूळ अवधी ३०० सेकंद असतो, म्हणून दर ५ मिनिटांनी तीच नोंद येत असेल तर पोर्ट उठतोय आणि त्याच कारणाने पुन्हा पडतोय.

'डुप्लेक्स मिसमॅच': जुन्या सीएनसी मशीनच्या नेटवर्क कार्डावर वेग आणि फुल डुप्लेक्स (दोन्ही बाजूंनी एकाच वेळी बोलणं; हाफ म्हणजे आळीपाळीने) हाताने बांधलेला असतो, स्विच ऑटोवर असतो. समोरचा बोलणी करत नाही म्हटल्यावर स्विच हाफ डुप्लेक्सवर जातो. नेट चालतं, पण रडतखडत. मात्र ही नोंद समोरही सिस्कोचं सीडीपी (शेजारचं यंत्र ओळखायची भाषा) बोलणारं यंत्र असेल तरच येते. सीएनसी मशीन ते बोलत नाही, तिथे पोर्टचे एरर काउंटर बघावे लागतात.

पीओईच्या, म्हणजे नेटवर्क केबलमधूनच वीज देण्याच्या, नोंदी: कॅमेऱ्यांना वीज देणाऱ्या २४ पोर्टच्या स्विचचं बजेट पुष्कळदा ३७० वॉटचं असतं, म्हणजे प्रत्येक पोर्टला १५.४ वॉट. जास्त वॉटचे कॅमेरे लावले की हे पुरत नाही. अंधार पडल्यावर कॅमेऱ्यांचे इन्फ्रारेड दिवे लागतात आणि मागणी वाढते. त्यामुळे फक्त संध्याकाळी सात-साडेसातनंतर वीज नाकारल्याच्या ओळी दिसत असतील, तर दिवसा तपासून काहीच सापडणार नाही.

लॉगिन फसल्याच्या ओळी: ठरावीक अंतराने, एकाच पत्त्यावरून. हल्ला म्हणून ओरडण्याआधी तो पत्ता तुमच्याच मॉनिटरिंग सर्व्हरचा नाही ना, हे बघा. पासवर्ड बदलला आणि तिथे बदलायचा राहिला, की असंच होतं. पत्ता ओळखीचा नसेल तर मात्र लगेच वर कळवा.

आणि विजेच्या नोंदी, म्हणजे कोल्ड स्टार्ट, वीज जाऊन आल्यावर स्विच नव्याने चालू झाल्याच्या. पिंपरी-चिंचवड, भोसरी पट्ट्यात औद्योगिक सुट्टी गुरुवारी, आणि महावितरणची देखभालीची कामंही बहुधा गुरुवारी काढलेली असतात. गुरुवारी सकाळी सगळे स्विच ओळीने रीस्टार्ट झालेले दिसले तर स्विचवर संशय घेऊ नका, यूपीएसवर घ्या. वेळेवर सॉर्ट करून बघा: जे स्विच एकाच सेकंदाला गेले ते एकाच यूपीएसवर आहेत आणि त्याच्या बॅटऱ्या संपल्यात. एप्रिल-मेमध्ये वळवाच्या पावसात वीज कडाडली आणि बाहेरच्या कॅमेऱ्यांचे चार पोर्ट एकाच क्षणी मेले, तर लॉगमधली ती वेळ टिपून ठेवा. उपकरणांचा विमा असेल तर दाव्याला लागते.

रीस्टार्ट करण्याआधी

"बंद करून चालू कर" हा सल्ला तुम्हाला दिवसातून दहा वेळा मिळेल. स्विचच्या आतला लॉग बहुधा रॅममध्ये असतो, बंद केला की गेला. सिस्कोच्या अनेक जुन्या स्विचांवर त्यासाठी मूळ सेटिंगने फक्त ४०९६ बाइट ठेवलेले असतात. एका ओळीला शंभर अक्षरं धरली तर जेमतेम चाळीस ओळी. लूप लागला असेल तर तेवढ्या ओळी बघता बघता पुसल्या जातात. म्हणून वीज काढण्याआधी 'शो लॉगिंग' चालवून निकाल फाइलमध्ये उतरवा, किंवा वेबपानावरून निर्यात करा. स्टोअरवाला डोक्यावर उभा असला तरी. एक मिनिट लागतं. नंतर फुरसतीने ही लॉगची जागा, म्हणजे बफर, मोठी करा आणि लॉग सर्व्हरवर पाठवायची व्यवस्था करा.

सर्व्हरवर किती दिवस ठेवायचा, हा प्रश्न कायद्याने सोडवलाय. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार कंपन्यांनी आपल्या यंत्रणांचे लॉग मागचे १८० दिवस, भारताच्या हद्दीत, जपून ठेवायचे आहेत. घड्याळं एनआयसी किंवा एनपीएलच्या, अथवा त्यांच्याशी मेळ असलेल्या, सर्व्हरशी जुळवायची आहेत. आणि ठरवून दिलेल्या प्रकारच्या सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवायच्या आहेत. लघु-मध्यम उद्योगांना त्यासाठी २५ सप्टेंबर २०२२ पर्यंत मुदत मिळाली होती, ती केव्हाच संपली. तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये 'रिटेन्शन' ३० दिवसांवर असेल तर वाढवून घ्या, आणि डिस्कवर जागा आहे का हे त्याच दिवशी बघा.

जागा वाचवायची तर आवाज कमी करा. माणसांच्या लॅपटॉपला जाणाऱ्या पोर्टांवर लिंक वर-खाली झाल्याच्या नोंदी बंद करता येतात. अपलिंक, सर्व्हर, कॅमेरे आणि मशीनचे पोर्ट मात्र चालू ठेवा. पातळी सहापर्यंतच्या ओळी सर्व्हरवर जाऊ द्या. सात, म्हणजे डीबग, फक्त तपासापुरता लावायचा आणि काम झालं की काढायचा. तसाच विसरलात तर स्विच धापा टाकायला लागतो.

तिकिटात काय लिहायचं

एएमसीवाल्याला (वार्षिक देखभालीचा करार असलेल्याला) किंवा वरिष्ठांना पडद्याचा मोबाइलवर काढलेला फोटो पाठवू नका. त्यात ना शोधता येतं, ना सॉर्ट करता येतं. सीएसव्ही जोडा, आणि वर चार ओळी लिहा. वरच्या प्रसंगाचं तिकीट असं होईल:

"स्विच स्टोअर-२, पोर्ट ७ व ८. वेळा भारतीय, घड्याळ एनटीपीशी जुळलेलं. ११:१८:०४ ला १९२.१६८.१०.४५ वरून कॉन्फिगरेशन बदल, पातळी ५. ११:२९ पासून पोर्ट ७-८ वर-खाली, प्रिंटर हाताने बंद-चालू केल्यामुळे. पोर्ट ५ ते १२ चा व्हीलॅन २० चा ३० झालेला आढळला. ७ ते १२ पूर्ववत केले, छपाई ११:५२ ला सुरू. ११:०० ते १२:०० चा लॉग सोबत."